सेलोचं पायताण

पायताण सरकलं. फार नाही, मुगाच्या दाण्याएवढं, पण सरकलं. वाशीमच्या त्या मंगल कार्यालयात त्या घडीला तीनशे माणसं बसली होती, आणि दोनशे नव्व्याण्णव जण सेलो वाजवणाऱ्या सपनाच्या हातांकडं बघत होते. एक हात तारांवर वरखाली पळत होता, दुसरा गज ओढत होता, आणि बघण्यासारखं त्यात बरंच होतं. उरलेला एक माणूस म्हणजे पहिल्या रांगेत खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन बसलेले रिसोडचे बापूराव. त्यांनी मघापासून मान वर केलेली नव्हती. ते तिच्या पुढ्यातल्या वीतभर ग्रॅनाइटकडं बघत होते. ही वीतभर फरशी हाच खरा कार्यक्रम, बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे, असं त्यांचं मत होतं. आणि मत चुकीचं होतं असंही म्हणता येत नाही.

सेलो हे वाद्य ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर व्हायोलिन वाढत वाढत थेट लग्नाच्या वयाचं झालं तर जसं दिसेल तसं ते दिसतं. वाजवणारा खुर्चीवर बसतो, त्याला गुडघ्यांत धरतो, आणि वाद्याचा भार खालून निघालेल्या एका लोखंडी शिगेवर जातो. शीग तिरपी, टोक अणकुचीदार. लाकडी जमिनीत हे टोक रुतून बसतं. ग्रॅनाइटमध्ये ते रुतत नाही, पुढं पळतं, आणि शीग पळाली की मागोमाग वाद्य आडवं होतं. म्हणून शिगेखाली एक चकती ठेवायची. वर सागाचं लाकूड, मधोमध पितळेची लहानशी वाटी, तळाला रबर. शीग वाटीत बसते, रबर फरशीला धरतं. या चकतीला दुकानात काय म्हणतात ते बापूरावांची सून उज्ज्वला हिला ठाऊक होतं, कारण फोनवरून विक्री तीच बघायची. बापूराव तिला पायताण म्हणत. असली दोनशे अकरा पायताणं त्यांनी गेल्या काही वर्षांत केली होती, ती पुण्याला, चेन्नईला, कलकत्त्याला गेली होती, आणि ज्याच्या पायात ती घालायची ते वाद्य त्यांनी आज दुपारी चार वाजेपर्यंत डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. सपनानं पहिला गज ओढला तेव्हा मागं कोणीतरी बाक ओढतंय असं वाटून त्यांनी रागानं वळून पाहिलं होतं. बाक ओढणारा सापडला नाही. मग ते समजले, आणि कोणी बघितलं नाही ना म्हणून दोन्ही बाजूंना बघून त्यांनी नजर फरशीवर नेली ती नेलीच.

जिल्ह्यात सोयाबीनवाले लाखभर, तूरवाले तेवढेच, पण सेलोचं पायताण करणारा एक. हे वाक्य ते स्वतः कधी बोलत नसत. समोरच्यानं बोलावं अशी जागा मात्र सोडत. धाकटा भाऊ रिसोडबाहेरच्या मळ्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर करायचा. तो म्हणायचा, "एकटाच धावला तं पयला नंबर येतेच न बापूभाऊ." बापूरावांना त्यात टोमणा दिसत नसे. एकट्यानं धावायलाही आधी रस्ता सापडावा लागतो. त्यांना तो सापडला तो घरघंटीमुळं. घराघरांतून स्टाइलची फरशी बसली, गुळगुळीत, तोंड दिसावं अशी, आणि तिच्यावर ठेवलेल्या घरघंट्या चालायला लागल्या. बटण दाबलं की पायली दळून होईपर्यंत घंटी ओट्यापासून दारापर्यंत येई; एका घरी तर तिनं दार अडवून सासूला आत कोंडलं, आणि सुनेनं बटण बंद करायची घाई केली नाही असं सांगतात. बापूरावांचं वर्कशॉप बाजाराच्या रस्त्यावर. त्यांनी गिरणीच्या जुन्या पट्ट्याचं रबर कापून घंटीला चार बूट केले आणि घंटी जागेवर बसली. मग कपडे धुण्याची यंत्रं, कूलर, मळणीयंत्रं. रिसोड तालुक्यात जे जे आपणहून चालत होतं ते ते बापूरावांनी थांबवलं, असं म्हटलं तर त्यात फक्त माणसंच तेवढी वगळावी लागतील. वाशीमच्या एका निवृत्त मास्तरांच्या घरघंटीलाही त्यांचेच बूट होते. लॉकडाऊनमध्ये मास्तरांची मुलगी पुण्याहून घरी अडकली, वाद्य घेऊन, आणि मास्तरांच्या स्टाइलवर ते वाद्य घंटीसारखंच चालायला लागलं. तिची पुण्याची चकती पुण्यातच राहिली होती. मास्तर फोनवर म्हणाले, "बापूराव, पोरीच्या वाद्याले पाय फुटले हो." बापूरावांनी विचारलं, "वजन किती? पाय किती?" मास्तर म्हणाले, पाय एकच. एका पायाचं गिऱ्हाईक त्यांना आजवर मिळालेलं नव्हतं. चौथ्या दिवशी भाजीच्या टेम्पोतून, कोथिंबिरीच्या पोत्यावर बसून, पहिलं पायताण वाशीमला गेलं. ती मुलगी म्हणजे ही सपना. तिनं ते मित्रमंडळींना दाखवलं, आणि पुढचं उज्ज्वलाच्या फोननं केलं.

पुन्हा सरकलं. या वेळी तुरीच्या दाण्याएवढं. सपनाच्या भिवईची एक बाजू किंचित वर गेली आणि खाली आली. गज थांबला नाही. बापूरावांना वाटलं, आपल्याला भास होत असेल. वय सत्तर, चष्म्याचा नंबर जुना. पण भासाला चमक नसते. इथं पायताणाच्या डाव्या कडेपाशी फरशीवर एक चकचकीत रेघ होती, सुताएवढी, आणि ती मागून, सरस्वतीच्या फोटोच्या चौरंगाखालून येत होती. ते पाणी होतं. कोणाचं पाणी, हेही त्यांना ठाऊक होतं.

नारळ खरं तर प्रमुख पाहुण्यांनी फोडायचा होता. पाहुणे मालेगावला दुसऱ्या कार्यक्रमात अडकले, आणि सूत्रसंचालकानं माइकवरून जाहीर केलं की ज्या हातांनी आपल्या मातीतली वस्तू साऱ्या देशात पोचवली त्या हातांनी श्रीफळ वाढवलं जाईल. बापूराव उठले. शेजारून आवडाबाई, त्यांची बायको, हळूच म्हणाल्या, "सावकास. घन नोका घालू." चाळीस वर्षं ज्यानं ऐरणीवर हात चालवला त्याला बायकोनं असं सांगायचं नसतं. मंचावर चौरंगासमोर ताटात दगड ठेवलेला होता. लोक नारळ फोडतात तेव्हा दोन-चारदा आपटतात, लाजतात, कोणीतरी मदतीला येतं, मग भेग पडते आणि पाणी वाटीत धरलं जातं. बापूरावांनी एकच मारला. नारळाला दोन भकलं होण्याची संधीच मिळाली नाही. एक तुकडा तिसऱ्या रांगेत गेला, शेंडी सूत्रसंचालकाच्या पायाशी, आणि पाणी वाटीच्या नादी न लागता जिकडंतिकडं. टाळ्या काय पडल्या! कोणीतरी शीळही घातली. त्या टाळ्यांत ते सत्काराची शाल घेऊन, दुसरा अखंड नारळ घेऊन, छाती काढून खाली आले, आणि मंगल कार्यालयाचा मंच जेवणावळीनंतर धुवायला सोपा जावा म्हणून पुढच्या बाजूला उतरता केलेला असतो, ही गोष्ट तेव्हा त्यांच्या ध्यानात आली नाही. ती आता आली.

म्हणजे पायताणही आपलं आणि पाणीही आपलंच. एरवी अशा वेळी माणूस इकडं तिकडं बघतो आणि दोष ठेवायला कोणीतरी सापडतंच: सरकार, पोरं, हवामान. बापूरावांनी मनातल्या मनात साऱ्या हॉलमध्ये शोध घेतला. दोष ठेवायला दुसरा माणूसच शिल्लक नव्हता. समाजात वावरताना इतकी वाईट वेळ फार थोड्यांवर येते.

आणि ओल्या फरशीवर ते घसरतं हे त्यांना माहीत होतं. ही गोष्ट त्यांनी मनाच्या अगदी मागच्या फळीवर, रंगाच्या वाळलेल्या डब्यांमागं ठेवावी तशी ठेवलेली होती. आता ती आपणहून पुढं आली. दोन पावसाळ्यांमागं गोव्याहून एकाचा निरोप आला होता. उज्ज्वलानं वाचून दाखवला: वस्तू उत्तम आहे, फक्त पावसात फरशीला ओल आली की सरकते. बापूराव म्हणाले, "त्याले लिही, फरशी पुसा म्हना." ती म्हणाली, "मामाजी, आपन पुड्यात एक चिठ्ठी टाकू न. ओल्या फरशीवर वापरू नये, म्हनून. सगळे टाकतात." "आपल्याच मालाले आपनच भोक पाडाचं? काहून?" "भोक नाही मामाजी, खरं हाये ते." "शंभर लोकाइनं घेतलं, एकाचं सरकलं. तं खोट कोनाची?" उज्ज्वलानं फोन बाजूला ठेवला आणि पोळ्या करायला गेली, वाद जिंकण्याची ही तिची पद्धत त्यांना पहिल्यापासून आवडत नसे. दुसऱ्या दिवशी घरात कोणी नाही असं बघून त्यांनी परीक्षा घेतली. परीक्षा म्हणजे त्यांची नेहमीची. पायताण स्टाइलवर ठेवायचं, वाटीत सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, टेकवायची, तिरपी धरायची, आणि तिला मिठी मारून सगळा भार छातीनं तिच्यावर टाकायचा. दोनशे अकरापैकी एकही पायताण ही मिठी मारल्याशिवाय घराबाहेर गेलेलं नव्हतं. आवडाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या इथं मले नाही, सब्बलीले सुख हाये." त्या दिवशी त्यांनी आधी तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं. मिठी मारली. पुढचं त्यांना फक्त एवढं आठवतं की छत दिसत होतं आणि हनुवटी दुखत होती. आवडाबाईंना त्यांनी न्हाणीघरात पाय घसरला म्हणून सांगितलं. सब्बल जागेवर ठेवली, फरशी स्वतः पुसली, आणि पुढं दोन वर्षं त्याच रबराची, त्याच सपाट तळाची पायताणं करत राहिले. तळाला आडव्याउभ्या खाचा पाडल्या असत्या तर पाण्याला वाट झाली असती, हे टायर बघणाऱ्या कोणालाही कळतं. पण आज खाचा पाडायच्या म्हणजे कालपर्यंतची सगळी बिनखाचांची चुकली होती असं म्हणायचं. हे म्हणायला त्यांना कोणी सांगितलंच नाही. एक सुनेनं सांगितलं होतं. पण ती पोळ्या करत होती.

हरभऱ्याएवढं. आता ते त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला दिसत नसेल असं म्हणता येईना. सपनानं डावा पाय जरा पुढं घेतला, वाद्य गुडघ्यांत आवळलं, आणि स्वर तसाच चालू ठेवला. स्वर मात्र आता त्यांना वेगळा वाटला, ओझं घेऊन चढण चढणाऱ्यासारखा. खरं तर तो वेगळा होता की नाही हे कळायला त्यांच्याजवळ दुसरा स्वर नव्हता. चौरंगाचं लाल कापड खालून भिजून काळं दिसत होतं. म्हणजे तिथं साठलेलं पाणी अजून यायचं होतं. या कामाला एक पट्टाही मिळतो: एक टोक शिगेला, दुसरं खुर्चीच्या पायाला. उज्ज्वलानं एकदा त्याचं चित्र दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "हे तं खुट्याले बांधलेलं जनावर झालं." सपनानं आज पट्टा लावला नव्हता. कार्यक्रमापूर्वी ती मुद्दाम त्यांच्यापाशी येऊन म्हणाली होती, "काका, आज फक्त तुमचंच." तेव्हा त्यांची मान जी ताठ झाली होती ती पुढं नारळ फोडेपर्यंत ताठच होती. आता त्या पट्ट्याचं टोक त्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत राहिलं. पडलं तर काय होईल? दीडशे वर्षांचं लाकूड आहे, असं सूत्रसंचालक म्हणाला होता. दीडशे वर्षं ते कुठं कुठं उभं राहिलं असेल, कोणाकोणाच्या गुडघ्यांत, लढायांत, जहाजांत. आणि आडवं व्हायचं ते वाशीमला, मंगल कार्यालयात, नारळाच्या पाण्यावर. मास्तर त्या टोकाला बसले होते, आता डोळे मिटून, लेकीचं ऐकत. तिची सगळी आळी आली होती. मागच्या रांगांत रिसोडहून जीप करून आलेले अकरा जण होते, आणि ते सेलो ऐकायला आलेले नव्हते, ते बापूरावांचं पायताण बघायला आलेले होते. म्हणजे उद्या बाजारात काय बोललं जाईल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"काय झालं?" आवडाबाईंनी कोपर मारलं. "पोटात कळ आली का?"

"सरकून राह्यलं."

"कोन?"

"माह्यं पायताण."

आवडाबाईंनी वाकून त्यांच्या पायांकडं बघितलं. चपला होत्या तिथंच होत्या. मग त्यांनी मंचाकडं बघितलं, रेघ बघितली, चौरंग बघितला, आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारानं एका नजरेत हिशेब लावला. "म्या म्हनलं होतं, घन नोका घालू."

"ओरडू का थांब म्हनून?"

"ओरडून काय थांबते? ते का बैल हाये?" मग तोंडाला पदर लावून, "जा न मंग. बसले काहून? तुमचंच हाये न ते."

तुमचंच हाये न ते. बापूरावांच्या डोक्यात या एवढ्याशा वेळात पुष्कळ काही येऊन गेलं. मंचावर गेलो तर सगळ्यांना कळेल की माल खोटा. नाही गेलो तर सगळ्यांना कळेल की माल खोटा, आणि शिवाय वाद्य फुटेल. या दोन वाटांत निवड करायला एवढा वेळ लागण्याचं कारण नव्हतं, आणि तो लागला म्हणून नंतर त्यांना स्वतःचा राग आला. मांडीवरचा नारळ त्यांनी आवडाबाईंच्या ओटीत ठेवला. त्याच क्षणी मंचावर पायताण पुढं गेलं, बोटभर, सगळ्यांना दिसेल असं, शीग कलली, वाद्याची मान सपनाच्या खांद्यावरून निसटली, आणि हॉलमध्ये कोणीतरी "अगागा" म्हणालं.

सत्तराव्या वर्षी माणूस मंचाच्या पायऱ्या किती वेगानं चढू शकतो याची नोंद कुठं ठेवत नाहीत. बापूराव पोचले तेव्हा सपनानं वाद्य पोटाशी दाबून धरलेलं होतं आणि, हे त्यांना फार नंतर खरं वाटलं, ती अजून वाजवत होती. ते तिच्यासमोर फरशीवर बसले, अर्धी पाठ लोकांकडं करून, अंगावरची शाल ओढून त्यांनी पायताणाखालचं पाणी दोन हातांनी टिपलं, चकती हळूच मागं लोटली, शीग सरळ केली, आणि मग चकतीसमोर उजवा तळवा रोवून, चार बोटं वरच्या लाकडावर ठेवून, मांडी पक्की केली. सपनानं खाली बघितलं. एकदाच मान हलवली. गज लांब ओढला, आणि वाद्याचा सगळा भार तिच्या गुडघ्यांतून सुटून शिगेवर आला, शिगेवरून वाटीत, वाटीतून त्यांच्या हातात.

त्यांना वाटलं विजेचा धक्का बसला. हात ओढून घ्यायची इच्छा झाली. ओढला नाही, कारण तो ओढण्यासाठी तिथं ठेवलेला नव्हता. मग कळलं की ती थरथर आहे. थरथर त्यांच्या ओळखीची होती. बाविसाव्या वर्षी रिठदला एका गिरणीवाल्याकडं त्यांनी पहिलं काम केलं होतं. गिरणीचं इंजिन आठवडाभरात हातभर चालायचं आणि दर सोमवारी चार माणसं लावून मागं ओढावं लागायचं. बापूरावांनी त्याच्याखाली पट्ट्यांची जाड गादी केली. इंजिन सुरू झालं, गिरणीवाल्यानं त्याच्यावर हात ठेवला आणि घाबरून म्हणाला, "बापू, मेलं का काय रे हे? काहीच लागून नाही राह्यलं हाताले." त्या वाक्यावर बापूरावांनी पुढची अठ्ठेचाळीस वर्षं काढली. काहीच हाताला लागू नये, हे त्यांचं काम. यंत्र चालू आणि हात म्हणतो बंद आहे, ही त्यांची कला. पायताणाच्या रबरानंही तेच केलं असेल असं ते धरून चालले होते. थरथर मारून टाकत असेल, म्हणून ते जागेवर राहतं. पण इथं काही मेलेलं नव्हतं. पितळेच्या वाटीतून ती सागात उतरत होती, सागातून बोटांच्या पेरांत, पेरांतून मनगटात, कोपरात, आणि कोपरावर थांबेल असं वाटलं तर दाढेत. ती घंटीसारखी एकसुरी नव्हती. जाड व्हायची, मग इतकी बारीक की मेथीच्या वाफ्यावरून हात फिरवावा. मधेच बंद व्हायची आणि बंद असतानाही हाताला वाटायचं की कोणीतरी तिथं आहे, बोलायचं थांबलंय. हलणं निराळं आणि सरकणं निराळं. इतकी साधी गोष्ट, आणि ती दोनशे अकरा वेळा हातातून जाऊन त्यांना माहीत नव्हती. त्यांनी केलेली वस्तू सरकू देत नव्हती आणि हलू देत होती, आणि हे त्यांनी ठरवून केलेलं नव्हतं; हे रबरानं, सागानं, पितळेनं आपसांत ठरवलं होतं, त्यांना न विचारता. याचा अभिमान वाटून घ्यावा की नाही हे त्यांना कळेना. त्यांनी तो वाटून घेतला. कलकत्त्यात, चेन्नईत, आणि गोव्यात पावसाळा सोडून, या वेळी कुठंतरी त्यांच्या कोणत्यातरी पायताणातून असलंच काही जमिनीत जात असेल, आणि ते ऐकायला तिथं हात नसेल.

तुकडा संपला. टाळ्या पडल्या तेव्हा त्या त्यांना फार लांबून आल्यासारख्या वाटल्या, आणि हातापर्यंत तर पोचल्याच नाहीत. सूत्रसंचालकानं माइक ओढला. "रसिकहो! कलेपुढं नतमस्तक होणं म्हणजे काय, हे आपल्या ज्येष्ठ कारागिरांनी आज साक्षात दाखवून दिलं! अंगावरची सन्मानाची शाल त्यांनी कलावतीच्या चरणी अंथरली!" टाळ्या वाढल्या. बापूरावांनी ओल्या शालीकडं बघितलं. खुलासा करायची ही वेळ होती. मागं वळून तीनशे माणसांना सांगायला त्यांचं तोंड उघडलंही. पण तीनशे माणसांपेक्षा एक जण जवळ होता, आणि सांगायला एकच जण अवघड होता.

"सपनाबाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ओल्यात हे घसरते. मले मालूम होतं. दोन वर्सापासून मालूम होतं."

सपना गजाला राळ लावत होती. "मलाही माहीत आहे, काका."

"तुमाले?"

"पहिल्याच पावसाळ्यात कळलं. मी फरशी पुसून घेते. आज पुसायची राहिली." ती हसली. "नारळ तुम्ही इतका जोरात फोडाल असं वाटलं नव्हतं."

"मंग सांगतलं काहून नाही मले?"

"बाबा म्हणाले, बापूरावांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटतं."

हे वाक्य बापूरावांना हनुवटीवर बसलं, त्याच जागी. गोव्याच्या माणसाला माहीत, सुनेला माहीत, सपनाला माहीत, मास्तरांना माहीत. आपलं गुपित राखायला एवढी माणसं झटत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता. त्यांच्या मोठेपणाखाली इतक्या जणांनी हात धरलेला होता तर. "खाचा पाडतो," ते म्हणाले. "तळाले. जुने सगळे वापस मागवतो आन् पाडून देतो. तुमचं आधी."

"माझं कशाला, मी पुसते ना."

"नाही. पाडतो."

कार्यालयातली झाडलोट करणारी भुरीबाई तोवर पोछा घेऊन मंचावर आली होती. चौरंगाखालून सुरुवात करून ती पुसत पुसत यांच्यापर्यंत आली, कोरड्या फडक्यानं पायताणाभोवतीची फरशी दोनदा घासली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बुवा, तुमी नारळ फोडला का सुरुंग लावला? हात उचला जरा." बापूरावांनी हात उचलला. तिनं खालचंही पुसलं, बोटानं दाबून बघितलं. "झाली खडखडीत. आता भाकर थापा तिच्यावर." आणि निघून गेली.

फरशी कोरडी होती. पायताण जागेवर होतं, आणि आता ते आपल्या बळावर बसणार होतं, सब्बलीच्या मिठीनं सिद्ध झालेलं होतं. हॉल वाट बघत होता. पहिल्या रांगेतून आवडाबाई हातानं खुणावत होत्या, या खाली, पुरे झालं. मागं रिसोडचे अकरा जण उभे राहून फोटो काढत होते.

"काका, पुढचं जरा लांब आहे. वीसेक मिनिटं," सपना म्हणाली. "फरशी सुकली आता. तुम्ही खाली खुर्चीवर आरामात बसा."

बापूरावांनी उठायला म्हणून एक गुडघा वर घेतला. त्या गुडघ्याकडं त्यांनी जरा वेळ बघितलं. मग तो पुन्हा खाली ठेवला, मांडी आवरून घेतली, आणि तळवा सदऱ्याला पुसला.

"माह्या हातानं आवाजाले काही अडचन होते का?"

"नाही," सपना म्हणाली. "काहीच नाही."

"मंग वाजवा," बापूराव म्हणाले, आणि त्यांनी बोटं लाकडावर ठेवली.